कच्चं पान फाडल्यावर

घरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागं पडायला लागलं, तेव्हा मी ते रोज सकाळी माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बरोबर करून ठेवत असे. दसऱ्याच्या सुमारास ते दिवसाला चार मिनिटं मागं पडे. नोव्हेंबरात अकरा. डिसेंबर संपता संपता एका सकाळी मी बटण दाबलं तर पडद्यावर एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी अशी तारीख आली. मी खरी तारीख घातली आणि पुढच्या कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी वीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून होतो. काटा रोज अर्धा किलो हलका दाखवायला लागला असता तर मी तो त्याच दिवशी बंद केला असता, गाड्या फाटकाबाहेर थांबवल्या असत्या आणि आतलं काय झिजलंय ते पाहिल्याशिवाय एक बोजाही चढू दिला नसता. घरच्या यंत्राच्या बाबतीत मी तसं केलं नाही.

तो कॉम्प्युटर जिनिंगचाच. मालकांनी नवा घेतला आणि जुना कुणाच्या कामाचा नव्हता. चालवता मला एकट्यालाच येई, म्हणून तो मला दिला. प्रिंटर मात्र तिथंच ठेवून घेतला. मानवतमध्ये तेव्हा कॉम्प्युटर असलेलं दुसरं घर मला तरी माहीत नव्हतं. सोबत चार चौकोनी फ्लॉप्या मिळाल्या. यंत्र बसवून देणारा माणूस जाताना म्हणाला होता, "ह्या जपा. मशीन कधी बसलीच तर ह्यांच्यावरनंच उठते."

मी तो घेतला तो मुलीसाठी. ती तेव्हा दहावीत होती. बाराव्या वर्षापासून तिला फिट येत होती. मोठी आली की ती कोसळे, अंग ताठ होई, तीन-चार मिनिटांनी सैल पडे आणि मग ती दोन तास झोपे. लहान आली तर कुणाला कळतही नसे. बोलता बोलता ती थांबे, डोळे उघडे, हातातला चमचा तिथल्या तिथं, आणि पाच-सात सेकंदांनी वाक्य पुढं चालू. तिची आई म्हणे, "हरवली." आमच्या घरात लहान फिटला तोच शब्द होता. "आज दोनदा हरवली."

आधी गावातल्या एका डॉक्टरांनी अंदाजानं गोळी दुप्पट केली होती. चार महिने पोर वर्गात बाकावर डोकं टेकून झोपली, जिभेला जडपणा आला, आणि शाळेच्या पायऱ्यांवरून ती पडली तेव्हा फिट नव्हतीच, झोप होती. त्यानंतर आम्ही हैदराबादच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळी कमी केली आणि मला बजावलं की रोजची नोंद ठेवा: गोळीची वेळ, झोप, ताप, लहान किती, मोठी कधी. पुढच्या खेपेला गोळी वाढवायची, बदलायची की आहे तीच ठेवायची, हे त्या नोंदीवर ठरेल. "नोंद नसेल तर मीपण अंदाजच करणार," असं ते म्हणाले. तो शब्द आम्हा तिघांनाही पाठ झाला होता.

नोंद मी ठेवली. अडीच वर्षांत एक दिवस चुकला नाही. पहिली दोन वर्षं ती वह्यांत होती, पाच वह्या. कॉम्प्युटर आल्यावर मी त्या सगळ्या त्यात चढवल्या, दोनदा पडताळल्या, आणि मग काट्यावरची सवय घरात आणली. आमच्याकडं कच्चं पान पक्क्यावर चढलं, ताळा पडला की कच्चं फाडायचं असतं. एका मालाची दोन कागदं राहिली की त्यातलं एक कधी ना कधी खोटं ठरतं, भांडणं होतात. मी पाचही वह्या फाडून बंबात घातल्या. बायको म्हणाली, "राहू द्या की, काय खायला मागायल्यात का त्या?" मी म्हणालो, "दोन ठेवल्या की घोळ होतो."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी बटण दाबलं तर पंखा फिरला, दिवा लागला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. बॅटरी संपली आहे. डिस्क सापडत नाही. मी बंद केला, शंभर आकडे मोजले, पुन्हा लावला. त्याच दोन ओळी.

हैदराबादची तारीख तेरा दिवसांवर होती.

मी फ्लॉप्या काढल्या. त्या देवाच्या पाटाशेजारच्या डब्यात होत्या आणि चारींवर पांढरे आडवे पट्टे होते. ते माझ्याच बोटांचे. खांडेनवमीला आम्ही हत्यारं-अवजारं पूजतो. मी काट्याची वजनं, मोजपट्टी, चष्मा मांडला होता आणि कॉम्प्युटरही. आमच्या घरी लिंगपूजा. कुठल्याही वस्तूला पूजायचं म्हणजे ओल्या भस्माची तीन बोटं ओढायची. चार फ्लॉप्या होत्या. एकीला लावून तिघींना वगळणं मला बरं वाटलं नाही, म्हणून चारींना ओढली. फ्लॉपीला मधोमध एक उघडी खाच असते, आतली तबकडी तिथून दिसते. माझी बोटं त्या खाचेवरूनच गेली होती. भस्म आत वाळून बसलं होतं. पहिली घातली तेव्हा यंत्रातून पाटीवर खडा घासल्यासारखा आवाज आला. दुसरीलाही तोच. तिसरी-चौथी घालायची माझी हिंमत झाली नाही.

बायकोनं विचारलं, "काय झालं?"

"फ्लॉप्या गेल्या."

"पूजा केलेल्या?"

"पूजा केल्यानंच गेल्या."

तिनं डबा बंद करून पाटाशेजारी ठेवला. मग म्हणाली, "आता हे माझ्या आईला सांगू नका. ती म्हणंल, पूजा नीट केली नसंल."

ते दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या निकालाचे होते. मुंबईत काहीतरी ठरतंय एवढंच ऐकू येई. एसटी एक दिवस सुटे, दोन दिवस डेपोत उभी राही. अठ्ठ्याहत्तरात ज्यांची घरं जळाली त्यांच्या आळीत बायका ऊन असतानाच पाणी भरून दारं लावून घेत, आणि ज्यांच्या घराला तेव्हा झळ लागली नव्हती तेसुद्धा रस्त्यात थांबून बोलत नव्हते. मोंढ्याच्या बाजारात अडत्यांनी दुकानाचं एकच फळकूट उघडं ठेवलं होतं. कापसाच्या गाड्या येईनात, म्हणून मला काट्यावर काम नव्हतं. वेळ होता आणि करण्यासारखं काही नव्हतं.

मी एसटीडी बूथवर जाऊन परभणीच्या एका कॉम्प्युटर क्लासला फोन लावला. तिथला माणूस आनंदात होता.

"काही टेन्शन नाही साहेब. फ्लॉपी घेऊन येतो, फॉरमॅट मारतो. दोन तासांत मशीन कोरी."

"कोरी म्हणजे?"

"कोरी म्हणजे नवी हो."

"आणि आतलं?"

"आतलं जाणारच की! कॉपी असेल ना तुमच्याकडं?"

मी बूथच्या मीटरवरचे आकडे बघत राहिलो. तो म्हणाला, "गाड्या सुरू झाल्या की पहिल्या गाडीनं येतो, तुम्ही निवांत राहा."

घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "म्हंजे तो आला की पुसून जाणार."

"हो."

"मग गाड्या बंद हायत तेच बरं."

ह्या दिवसांत नोंद मी जिनिंगच्या रिकाम्या पावत्यांच्या पाठीमागं करत होतो आणि टाचणीला लावून ठेवत होतो. एकही फाडली नाही.

गावात रेडिओ दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता, माझ्याच वयाचा. जिनिंगमध्ये हा कॉम्प्युटर बसवला तेव्हा त्यानं दोन दिवस तिथं वायरिंग केली होती आणि बसवणाऱ्याच्या खांद्यावरून सगळं पाहिलं होतं. त्याच्याकडं जाण्याचं मला पाचव्या दिवशी सुचलं. तो पिशवी घेऊन आला, झाकण उघडलं आणि आत टॉर्च मारली. हिरव्या पाटीच्या कोपऱ्यात करंगळीच्या पेराएवढी एक बॅटरी होती. तिच्या बुडाशी मोरचुदासारखं काहीतरी फुललं होतं.

"किती दिवस झाले घड्याळ मागं पडून?" त्यानं विचारलं.

"अडीच महिने."

"आन् तुमी काय करायलते?"

"बरोबर करून ठेवायचो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "काटेवाले, तुमी बी कमाल करता. मरायलेल्या माणसाची नाडी हातानं चालवायलते जनू." मग त्याला माझा चेहरा दिसला असावा. "डिस्क मेली न्हाई. हिची याददाश्त गेली. पोटात कोणच्या नंबराची डिस्क हाय, तेवढंच ती इसरली. नंबर सांगितला की वळखंल."

"कुठला नंबर?"

"सत्तेचाळीस हायत. त्यातला एक. तुमाला ठाव आसंल."

मला ठाऊक नव्हता. पण पहिल्या फ्लॉपीच्या कागदी पट्टीवर बसवणाऱ्यानं शाईच्या पेनानं दोन आकडी नंबर लिहिलेला मी पाहिला होता. डबा पुन्हा काढला. तिथंही माझं ओलं भस्म फिरलं होतं. शाई पसरून निळा डाग झाला होता आणि डागातून एकच काडी खाली आलेली दिसत होती, दुसऱ्या इंग्रजी आकड्याची.

मिस्त्री म्हणाला, "सात हाय का एक?"

"सात," मी म्हणालो. पावसात भिजलेल्या पावत्या वाचण्यात माझी उमर गेली होती.

त्यानं ती बॅटरी खरवडून काढली, आजूबाजूचं हिरवं ब्रशनं पुसलं, आणि तीन पेन्सिल सेल सुतळीनं बांधून दोन वायरींनी तिच्या जागी जोडले. ते आत मावेनात, म्हणून यंत्राच्या बाहेर लोंबकळत ठेवले. मुलगी दारात उभी होती. म्हणाली, "अण्णा, ह्याला सलाइन लावलंय." कुणी हसलं नाही म्हणून ती एकटीच हसली, आणि हसता हसता हरवली. मी सेकंद मोजले. सहा. मिस्त्रीनं नजर खाली घातली आणि उगाच पेचकस पुसत बसला.

ती आत गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "एक ध्यानात ठिवा. चुकीचा नंबर दिला आन् मशीननं काही लिहायला घेतलं, तर भलत्या घरात लिहील. आतलं हाय ते गेलंच समजा. नुसतं वळखती का ते बघायचं. न्हाई वळखली की बटण बंद. दुसरं काही दाबायचं न्हाई."

पडद्यावर सत्तेचाळीस नंबरांची यादी होती आणि प्रत्येकापुढं डिस्कचं माप. आमची डिस्क चाळीसच्या आसपासची, एवढं मला माहीत होतं. शेवटी सात असलेले आणि चाळीसच्या मापाला जवळ असलेले तीन निघाले: सतरा, सत्तावीस, सदतीस. त्या आठवड्यात दुपारी दोन ते चारच लाइट असे. तेवढ्यात करायचं होतं.

सतरा दिला. यंत्रातून टक्‌टक् असा आवाज आला, पडदा काळा राहिला, मग एक ओळ आली की चालू करायला लागणारी फाइल नाही. मी बटण बंद केलं. सत्तावीस. तसाच आवाज, तीच ओळ. सदतीसला ओळही आली नाही. आतलं काहीतरी एका जागी पुन्हा पुन्हा आपटत राहिलं, आणि मिस्त्रीनं माझ्या आधी हात घालून वीज तोडली.

बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. "न्हाई का?"

"सात नाही," मिस्त्री म्हणाला. "एक आसंल."

मला ते मान्य करायला वेळ लागला. डाग पुन्हा उजेडात धरला. काडी तिरपी होती, मला खात्री होती. पण वरची आडवी रेघ मी मनानंच ओढली होती. कागदावर ती नव्हतीच. एक धरला तर मापात बसणारा एकच नंबर राहत होता, एकवीस. तोही चुकला तर पुढं कुठलाच आधार नव्हता, उरलेल्या त्रेचाळीसांत चाचपडायचं. चारला वीस मिनिटं होती.

एकवीस दिला. टक्‌टक् झालं. मग आवाज बदलला, सलग कुरकुर सुरू झाली, आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात ती नेहमीची खूण येऊन लुकलुकत थांबली.

मिस्त्रीनं चहाही घेतला नाही. जाताना दारात म्हणाला, "पैल्यांदा उतरून घ्या. ह्या सुतळीवर भरवसा ठिवू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी उतरवायला बसलो. जिनिंगमधून मी महिन्याच्या वजनाची मोठी पत्रकं आणली होती. एका पत्रकाला आडवी एकतीस घरं, एका ओळीत एक महिना. मुलगी पडद्यावरून वाचत होती, मी लिहीत होतो. लहान फिट काळ्या पेनानं आकड्यात, मोठी लाल फुलीनं. पडद्यावर एका वेळी वीस-बावीस दिवस दिसत, एकाखाली एक, आणि वर सरकून जात. कागदावर ते सरकत नव्हते. दोन दुपारींत तीस ओळी पुऱ्या झाल्या. शेवटच्या ओळीत मी पावत्यांवरचे आकडे चढवले.

ती वाचून झाल्यावर माझ्या बाजूला येऊन बसली. गणितात ती माझ्यापेक्षा बरी होती. बराच वेळ तिनं पत्रकावर बोट फिरवलं.

"अण्णा, लाल फुलीच्या आधीची घरं वाचा."

"कुठली?"

"कुठलीबी. चार घरं."

मी वाचली. एक, दोन, चार, सहा, फुली. दुसरी काढली. एक, दोन, तीन, पाच, फुली. शून्य, दोन, चार, पाच, फुली. एकोणीस लाल फुल्या होत्या. दोन ठिकाणी ताप होता, तिथं मेळ बसला नाही. सतरा ठिकाणी बसला.

नऊशे दिवस मी हे आकडे लिहिले होते. रोजचा आकडा रोज लिहायचा, तो बरोबर आहे ना एवढं पाहायचं. चार दिवस एका ओळीत ठेवून मी कधीच पाहिले नव्हते. पाहायचे नव्हते म्हणून पाहिले नाहीत, की सुचलंच नाही, हे मला आजही प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

तिचं बोट शेवटच्या ओळीवर आलं. परवाच्या आधी एक. परवा दोन. काल चार. आजचं घर रिकामं होतं.

"आई," तिनं आत हाक मारली, "आज मी किती वेळा हरवले गं?"

आतून ताटाचा आवाज थांबला. "पाच. कामून?"

तिनं माझ्या हातातला काळा पेन घेतला आणि स्वतः पाच लिहिले. मग उद्याच्या घरावर पेनाचं टोक टेकवून म्हणाली, "उद्या माझा सराव परीक्षेचा भूमितीचा पेपर हाय."

एसटीडी बूथवर मी पत्रक गुंडाळून नेलं. हैदराबादची लाइन सातव्यांदा लागली. डॉक्टर फोनवर आले ते माझं नशीब. मी आकडे वाचून दाखवले, सतरा वेळा चार घरं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, असंच पत्रक घेऊन या, गोळी बदलावी लागेल, पण आता काय करायचं ते कळलं. तोवर आज रात्री आणि उद्या सकाळी अर्धी गोळी जास्त द्या, अर्धीच, त्याहून नाही. उद्या तिला चुलीजवळ, पाण्याजवळ, जिन्यावर जाऊ देऊ नका. एकटी सोडू नका. मी विचारलं, मग नाही ना येणार? ते म्हणाले, "तसं मी सांगू शकत नाही."

सकाळी ती दप्तर भरून तयार झाली होती. आई दारात आडवी उभी.

"तुमचा कागद चुकला तर माझा पेपर फुकट जाईल," ती म्हणाली.

"आणि बरोबर असला तर?" मी म्हणालो.

"तर शाळेत पडंन. मागं पडले नव्हते का?"

"तवा झोप होती," तिची आई म्हणाली. "आज म्या सोडणार न्हाई. काय बोलायचं ते बोल."

ती माझ्याकडं बघत राहिली, मी काहीतरी वेगळं म्हणेन म्हणून. मी म्हणालो नाही. तिनं दप्तर भिंतीशी आपटलं आणि मधल्या खोलीत गादीवर जाऊन भूमितीचं पुस्तक उघडून बसली, आमच्याकडं पाठ करून. आम्ही लाकडी पेटी, पितळी समई, पाण्याचा तांब्या खोलीबाहेर काढला. चारी बाजूंनी गोधड्या लावल्या. आई तिच्या मागं बसली, मी समोर. रस्त्यावर कसल्याशा घोषणा देत एक जथा गेला. कुठल्या बाजूचा ते कळलं नाही. मग पुन्हा शांत झालं.

नऊ वाजून गेले. दहा. ती प्रमेय पुटपुटत होती. एकदा ती रागानं म्हणाली, "काही होत न्हाई बघा. आत्ता वर्गात आसते तर तिसरा प्रश्न झाला आसता."

अकराला दहा कमी असताना पुस्तक तिच्या मांडीवरून घसरलं. आईचे हात आधीच पुढं आले होते. डोकं मांडीवर पडलं, जमिनीवर नाही. कुशीवर वळवली, जीभ चावली गेली नाही, कुठं खरचटलं नाही. दोन मिनिटं आणि थोडे सेकंद. आजवरच्या एकोणीसांत एवढी कमी वेळाची एकही नव्हती.

सैल पडल्यावर तिची आई तिचे केस मागं सारत रडत होती, आवाज न करता. मी पत्रक आणायला उठलो नाही. शेजारच्या अंगणात कुणीतरी रेडिओ मोठा केला होता आणि बातम्या देणारा परभणीचं नाव घेत होता. पुढचं काही ऐकू आलं नाही.

एक वाजता तिनं डोळे उघडले. आधी छताकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पेपर सुटला का?" तिनं विचारलं.

"सुटला," मी म्हणालो.